विमान घरचं, इंजिन कुणाचं?

रत्नागिरीत विमानतळाचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. टर्मिनल कधी पुरं होणार, आणि मुंबईचं तिकीट कितीला पडणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यावर इथे पुष्कळ लिहून झालंय. आज जरा वेगळं लिहितो. विमान 'आपण' बनवलं असं जेव्हा जेव्हा मराठी माणसाने म्हटलं, तेव्हा तेव्हा त्या विमानाचं इंजिन कुठून आलं होतं? पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात मिरकरवाड्यापासून करू, कारण आपल्याला तिथलं लगेच कळतं. लाकडी बोट बांधणारा सुतार आपला. लाकूड निवडणारा, फळ्या वळवणारा, फटी बुजवणारा माणूस आपला. पण मशीन मात्र कंपनीचं, बऱ्याचदा ट्रकच्याच घराण्यातलं. आणि बोटीचं अर्धं यश मशीन कसं बसवलंय यावर असतं. पाया जरा तिरका झाला, शाफ्ट सरळ रेषेत आला नाही, तर बोट सबंध अंगाने थरथरते, बेअरिंग खातं, आणि मग मालक वर्षभर मेकॅनिकच्या मागे फिरतो. तरी समुद्रात मशीन बंद पडलं तर नांगर टाकता येतो. दुसरी लाँच येते, दोर टाकते, ओढून आणते.

विमानाला नांगर नाही. छोट्या विमानाचं इंजिन ३०० मीटर उंचीवर बंद पडलं तर ते साधारण तीन किलोमीटर तरंगत जाईल, तेवढ्यात सपाट जागा शोधायची. कोकणात तीन किलोमीटरमध्ये सपाट जागा कुठे मिळणार ते तुम्हीच सांगा. म्हणून विमानाच्या इतिहासात पंख कुणी लावले यापेक्षा इंजिन कुणी दिलं आणि ते कसं बसवलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या माणसाची गोष्ट. कॅप्टन अमोल यादव. मूळ कुटुंब सातारा जिल्ह्यातलं, स्वतः व्यावसायिक वैमानिक. कांदिवलीत चारकोपला, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर या माणसाने सहा आसनी विमान बांधलं. हँगर नाही, कारखाना नाही. वर ताडपत्री, खाली एकत्र कुटुंबाचं घर. आधीचे दोन प्रयत्न उडण्यापर्यंत पोचले नव्हते, हा तिसरा. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन सगळं जिन्याने वर गेलं. आणि परदेशातून आणलेलं इंजिन, वजन सुमारे १८० किलो, तेही त्याच अरुंद जिन्याने गच्चीवर चढवलं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबलो होतो. १८० किलो म्हणजे किती? आपल्याकडे गोदरेजचं मोठं कपाट वर चढवताना चार माणसं घामाघूम होतात, आणि कपाटाला ओरखडा आला तर फार तर वहिनी बोलतात. इथे एक धक्का चुकला तर कुटुंबाचे पैसे आणि कित्येक वर्षं एकदम जिन्यावरून खाली.

बातम्यांमध्ये मात्र गच्ची आली, क्रेन आली, २०१६ चं 'मेक इन इंडिया' प्रदर्शन आलं, मंत्र्यांबरोबरचे फोटो आले. ते इंजिन विमानाच्या नाकात कसं बसवलं, यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. खरं विमान तर तिथेच घडतं. सांगाडा आणि पंख होईपर्यंत ती वस्तू एक मोठी, हलकी, सुंदर पेटी असते. इंजिन बसलं की ती थरथरायला लागते, तापायला लागते, एका बाजूला ओढायला लागते, आणि जळण्याची शक्यता तयार होते.

हे काम साधारण कसं असतं ते थोडक्यात सांगतो. सगळ्या घरगुती विमानांना ते लागू आहे, मग ते कांदिवलीचं असो की कॅनडातलं.

पहिली गोष्ट वजनाचा तोल. विमान हवेत एका बिंदूभोवती तोललेलं असतं, आणि इंजिन ही सगळ्यात जड वस्तू त्या बिंदूपासून लांब, अगदी टोकाला बसते. समजा तुम्हाला ठरवलेल्या इंजिनापेक्षा २० किलो जड इंजिन स्वस्तात मिळालं. ते तोलबिंदूच्या दीड मीटर पुढे बसणार असेल, तर मागे तीन मीटरवर १० किलो वाढवावे लागतील, तेव्हा तराजू बरोबर होईल. म्हणजे वाढले २० नाहीत, ३०. आणि ते ३० किलो तुमच्या पेट्रोलमधून किंवा प्रवाशामधून वजा होणार. बाजारात तराजू पाहिलेल्या माणसाला हे समजायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, पण हौशी लोक नेमके इथेच फसतात. मिळालं ते इंजिन घेतात आणि मग विमान त्याच्याभोवती वाकवत बसतात.

दुसरं, इंजिन धरून ठेवणारी चौकट. पोलादी नळ्या वेल्ड करून केलेली एक जाळी असते, ती विमानाच्या सांगाड्याला चार-पाच ठिकाणी बोल्टने बसते. इंजिन आणि चौकट यांच्यात रबराचे जाड गट्टू. ते नसतील तर इंजिनाची थरथर सरळ सांगाड्यात उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांत कुठेतरी बारीक तडा दिसायला लागतो. बोल्ट नुसता आवळून भागत नाही. त्याच्या डोक्यातून तार ओवून ती अशी पिळतात की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला उलट घट्टच करेल. विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये नव्या पोराला सुरुवातीलाच जी कामं शिकवतात त्यात हे असतं. पोर कंटाळतं. पण वर गेल्यावर सगळ्यांचा जीव त्या तारेवर असतो.

तिसरं, आगीची भिंत. इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा असतो. त्याला वायरी, नळ्या, केबली नेण्यासाठी भोकं पाडावीच लागतात, आणि प्रत्येक भोक म्हणजे ज्वाळेला वाट. म्हणून प्रत्येक भोक बंद करायचं, तेही आगीत न वितळणाऱ्या वस्तूने.

मग गार करण्याचा प्रश्न. छोट्या विमानांची बरीचशी इंजिनं हवेने गार होतात, त्यांना मोटारीसारखं रेडिएटरचं पाणी नसतं. पण नाकातून हवा नुसती आत आली म्हणून ती गरम सिलिंडरवरून जाईलच असं नाही. पाण्यासारखीच हवाही सोपी वाट धरते. पत्र्याचे आडोसे लावून तिला सिलिंडरच्या पाकळ्यांमधूनच जायला भाग पाडावं लागतं. पुढचे सिलिंडर गार आणि मागचे भाजलेले, अशी तक्रार घरगुती विमानवाल्यांत कायम ऐकू येते.

आणि ठिणगी. विमानाच्या पारंपरिक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो, एकमेकांपासून पूर्ण वेगळे, बॅटरीवर न अवलंबणारे. एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं. उड्डाणाआधी वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी थांबून इंजिन फिरवतो तेव्हा तो हेच तपासत असतो. आधी एक बंद करून, मग दुसरा.

इथे कुणीतरी विचारणार, आणि कॉमेंटमध्ये विचाराच: एवढा खटाटोप कशाला, मारुतीचं नाहीतर जीपचं इंजिन का बसवत नाहीत? बसवतात, आणि उडतातही. अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोल नावाच्या माणसाने १९२९ साली फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावून विमान उडवलं. रेडिएटर सरळ वैमानिकाच्या डोळ्यांसमोर उभा. त्या नमुन्याची विमानं लोक आजही बांधतात. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीच्या इंजिनावरही कितीतरी छोटी विमानं उडाली.

पण मोटारीच्या इंजिनाची सवय वेगळी असते. हायवेवरून जाताना ते आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरतं, पूर्ण जोर फक्त ओव्हरटेकला किंवा घाटात. विमानाचं इंजिन तासन्‌तास ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालतं. सतत आंबा घाट चढत राहायचं, तोही भरल्या गाडीने, असं समजा. शिवाय मोटारीचं इंजिन ताकद देतं ती मिनिटाला ४-५ हजार फेऱ्यांवर, आणि पंख्याला तेवढ्या फेऱ्या चालत नाहीत. पावणेदोन-दोन मीटरचा पंखा ५,००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातात. मग नुसता कर्कश आवाज होतो, ओढ कमी. म्हणून मध्ये फेऱ्या कमी करणारा गिअरबॉक्स आला, त्याचं वजन आलं, त्याची थरथर आली. आणि पुन्हा ते वीस किलोंचं गणित.

मग जगातल्या पहिल्या विमानाला इंजिन कुणी दिलं? कुणीच दिलं नाही, हेच तर खरं उत्तर. राइट बंधूंनी मोटारीची इंजिनं करणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहिली होती. एवढं हलकं, एवढ्या ताकदीचं इंजिन द्यायला कुणी तयार झालं नाही. शेवटी त्यांच्या सायकल दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने साधारण सहा आठवड्यांत इंजिन बनवलं. ॲल्युमिनियमचा ओतीव भाग, सुमारे १२ अश्वशक्ती, वजन ८० किलोच्या आसपास. ते त्यांनी मधोमध बसवलं नाही, उजवीकडे बसवलं, आणि डावीकडे वैमानिक पालथा झोपायचा, म्हणजे तोल साधेल आणि अपघातात इंजिन अंगावर येणार नाही. पण इंजिन वैमानिकापेक्षा जड. म्हणून उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे चार इंच लांब केला. म्हणजे जगातल्या पहिल्या यशस्वी विमानाचे पंख सारखे नव्हते, आणि त्याला कारण इंजिन. १७ डिसेंबर १९०३ ला ते उडालं.

त्याच्या नऊच दिवस आधी सॅम्युअल लँगली या मोठ्या शास्त्रज्ञाचं विमान पोटोमॅक नदीत पडलं होतं. त्याच्याकडे सरकारी पैसा होता, आणि चार्ल्स मॅनलीने घडवलेलं ५२ अश्वशक्तीचं अप्रतिम इंजिन होतं. म्हणजे राइटांपेक्षा चौपट ताकद. पण त्याचा सांगाडा सुटताच मोडला. नुसतं इंजिन भारी असून चालत नाही, याला याहून चांगला दाखला नाही.

आता नाजूक विषय. शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं आपण ऐकत आलोय. त्यावर २०१५ ला हिंदी सिनेमाही आला, आणि त्याच वर्षी मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा टीव्हीवर केवढा गोंधळ झाला ते आठवत असेल. मला तळपद्यांची चेष्टा करायची नाही. त्या काळात मुंबईत बसून उडण्याचा ध्यास घेणारा मराठी माणूस आदरालाच पात्र आहे. पण इंजिनाचा प्रश्न विचारायचा की नाही? ते पाऱ्यावर चालायचं, असं सांगतात. बरं. वजन किती? ताकद किती? बसवलं कसं, गार कसं केलं, इंधन किती लागलं? यातल्या एकाही प्रश्नाला त्या काळच्या कागदाचं उत्तर कुणी आजवर दाखवलेलं नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो त्याचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली नीट अभ्यास केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. तळपद्यांवरून आपण जेवढं भांडतो त्याच्या दहावा हिस्साही विष्णू माधव घाटगे यांच्याबद्दल बोलत नाही. किती जणांनी हे नाव ऐकलंय? प्रामाणिकपणे सांगा.

घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले, जन्म १९०८. मुंबईत शिकले, मग जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. आपला गडी थेट त्यांचा विद्यार्थी. परत आले तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता. तो १९४० च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला काढला, तोच आजचा एचएएल. घाटगे तिथे रुजू झाले आणि आयुष्य तिथेच गेलं.

त्यांच्या हाताखाली एचटी-२ तयार झालं. भारतात आरेखन होऊन भारतातच बनलेलं पहिलं इंजिनवालं विमान. दोन जणांचं, वैमानिक शिकवण्यासाठीचं. ५ ऑगस्ट १९५१ ला पहिल्यांदा उडालं. पंख आपले, सांगाडा आपला, गणित आपलं. आणि इंजिन? ब्रिटनच्या डी हॅविलंडचं जिप्सी मेजर. दुसरा नमुना फेब्रुवारी १९५२ मध्ये उडाला तो सिरस मेजर इंजिनावर, १५५ अश्वशक्तीच्या. पुढे हेच कायम झालं. तेही ब्रिटिशच.

या सिरस इंजिनाचं घराणं ऐकण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात रेनॉल्ट कंपनीची आठ सिलिंडरची जुनी विमान-इंजिनं पडून होती. १९२५ च्या सुमाराला फ्रँक हॅलफर्ड नावाच्या इंजिनीअरने त्याच मालातून निम्मं इंजिन केलं. आठ सिलिंडरचं अर्धं करून चार. ६० अश्वशक्तीचं, हलकं, स्वस्त. ते बसवलं डी हॅविलंडच्या 'मॉथ' विमानात, आणि तिथून सामान्य माणसाला परवडेल अशा विमानाचं युग सुरू झालं. फ्लाइंग क्लब निघाले, आपल्याकडेही निघाले. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून जुहूला टपाल घेऊन आले तेही डी हॅविलंडच्याच पुस मॉथमधून, जिप्सी इंजिनावर. भंगारातून जोडलेल्या अर्ध्या इंजिनापासून सुरू झालेली ही वंशावळ घाटग्यांच्या एचटी-२ पर्यंत पोचते. आपल्याकडचे मेकॅनिकही असंच काहीतरी रोज करतात, फक्त त्यांच्या उद्योगाला कुणी इतिहासात लिहीत नाही.

एचटी-२ विमानं दीडशेच्या वर बनली, काही घानाच्या हवाई दलालाही दिली. नंतर पुष्पक आलं, फ्लाइंग क्लबांचं लाडकं विमान, १९५८ चं. त्याचं इंजिन अमेरिकेच्या काँटिनेंटलचं, ९० अश्वशक्तीचं. एचएएलने त्याच ताकदीचं स्वतःचं पिस्टन इंजिनही करून पाहिलं होतं, पण क्लबांतली पुष्पकं काँटिनेंटलवरच उडत राहिली. मला विचाराल तर आपली खरी हुकलेली संधी ही होती. लढाऊ जेटचं इंजिन हे फार थोड्या देशांना जमलेलं काम आहे. ९० अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन हे तसं नव्हतं. तो उद्योग तेव्हा रुजला असता तर आज छोट्या विमानाला लागणारं इंजिन पुण्या-कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलं गेलं असतं. कोल्हापूरची फाउंड्री आणि ऑइल इंजिनांचा धंदा तर जगजाहीर आहे.

एचटी-२ चं पुढे काय झालं? सिरस इंजिन ब्रिटनमध्ये बनायचं बंद झालं, आणि आपली विमानं तर अजून धडधाकट. तेव्हा काही विमानांवर अमेरिकन लायकमिंगचं इंजिन चढवलं गेलं. सिरसचे सिलिंडर एका रांगेत, लायकमिंगचे दोन्ही बाजूंना आडवे. म्हणजे नुसतं इंजिन बदललं असं होत नाही. चौकट नवी, नाक नवं, हवेची वाट नवी, तोल पुन्हा मोजायचा. हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया म्हणा ना.

जेटची गोष्ट थोडक्यात. मारुत हे लढाऊ विमान १९६१ ला उडालं. कुर्ट टँक हा जर्मन डिझायनर प्रमुख. सांगाडा आवाजाच्या पुढे जायला तयार, पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनाचा भरवसा होता त्याचं काम ब्रिटनने थांबवलं. कमी ताकदीच्या दोन इंजिनांवर मारुत चालवावं लागलं. एक मारुत इजिप्तला नेऊन तिथल्या इंजिनाची चाचणी त्यावर घेतली, तेही पुढे सरकलं नाही. चांगलं विमान, पण शेवटपर्यंत अशक्त राहिलं. १९७१ च्या युद्धात त्याने काम चोख केलं, हे मात्र सांगितलंच पाहिजे.

आणि आज? तेजसचं नाव घेताना छाती फुगते, फुगायलाच हवी. पण त्याला इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. कावेरी इंजिनावर १९८० च्या दशकापासून काम सुरू आहे, ते तेजसमध्ये बसलं नाही. तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी २०२१ साली ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, त्यातलं पहिलं हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. विमानं बांधून उभी आणि नाकपुड्या रिकाम्या, असं चित्र सगळ्या देशाने पाहिलं. किनाऱ्यावर गस्त घालणारी तटरक्षक दलाची डॉर्निअर विमानं कानपूरला बनतात, त्यांच्याही इंजिनाचा आराखडा अमेरिकन. बंगळुरूच्या एनएएलने बनवलेलं छोटं 'हंसा' विमान रोटॅक्सच्या इंजिनावर उडतं, ते ऑस्ट्रियाचं.

आता परत कांदिवलीच्या गच्चीवर या. अमोल यादवांनी इंजिन परदेशातून आणलं म्हणून 'मग कसलं स्वदेशी' असं नाक मुरडणारे मी पाहिलेत. त्यांना सांगा, जे एचएएलला जमलं नाही ते गच्चीवर एका कुटुंबाने करावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो? अमेरिकेतले घरी विमान बांधणारे हजारो लोकही इंजिन विकतच घेतात. फरक एवढाच की तिथे १९५० च्या दशकापासून त्यांची संघटना आहे, जुनी इंजिनं मिळण्याचा बाजार आहे, बसवताना अडलं तर येऊन बघणारा अनुभवी शेजारी आहे, आणि हौशी विमानासाठी स्वतंत्र नियम आहे. अर्ध्याहून जास्त काम स्वतः केलं असेल तर ते 'प्रायोगिक' विमान म्हणून नोंदवता येतं.

आपल्याकडे यादवांची बरीच वर्षं विमान कुठल्या रकान्यात बसतं या चौकशीतच गेली. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, तीही मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर. विमानाच्या नोंदणीची अक्षरं व्हीटी-एनएमडी, म्हणजे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्या नावावरून. कुणाला यात कृतज्ञता दिसेल, कुणाला खुशामत. मला यात एवढंच दिसतं की गच्चीवरच्या विमानाला आकाशात जायला देशाच्या पंतप्रधानांपर्यंत आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत वशिला पोचावा लागला. २०१८ च्या गुंतवणूक मेळाव्यात पालघरला कारखान्याचा ३५ हजार कोटींचा करार झाला. आकडा वाचून तेव्हाच मी चष्मा पुसला होता. उडण्याचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर. २०२० मध्ये ते विमान तिथे हवेत गेलं. इंजिन पाच मजले जिन्याने वर गेलं होतं, त्यानंतर कित्येक वर्षांनी.

धुळ्याची ती धावपट्टी मला महत्त्वाची वाटते. तिथे रोज विमानांची रांग लागत नाही, म्हणूनच तिथे जागा मिळाली. इंजिन बसवल्यावर विमान लगेच उडवत नाहीत. आधी दोराने बांधून जमिनीवर चालवतात, तास मोजतात, तेल काढून त्यात धातूचा चुरा आलाय का बघतात, मग हळू पळवतात, मग जोरात, मग चाकं जमिनीपासून जराशी सुटेपर्यंत. या सगळ्याला रिकामी, लांब, शांत धावपट्टी लागते. जुहूला किंवा सांताक्रूझला ती कोण देणार?

आपल्या मिरजोळ्याच्या विमानतळाबद्दल मी जे मागतोय ते फार नाही. टर्मिनल होईल, उद्घाटन होईल, फीत कापली जाईल. त्या आराखड्यात कुठेतरी एका कोपऱ्यात एक साधी शेड असावी. आयटीआयची, पॉलिटेक्निकची, आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं जिथे एखादं मुदत संपलेलं विमान-इंजिन उघडून बघतील, चौकटीवर चढवतील, तार पिळायला शिकतील. मुदत संपलेली इंजिनं उडायला चालत नाहीत, शिकायला चालतात. सुरक्षेचे प्रश्न आहेत, तटरक्षक दलाचा तळ आहे, हे कळतं. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर शेड असली तरी चालेल. मिरकरवाड्यात शाफ्ट सरळ रेषेत आणणारी, कानाने इंजिनाचा दोष ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत. शिकवायला पहिल्या दिवशी त्यांनाच बोलवा.

खासदार-आमदारांच्या पेजवर ही मागणी मी टाकलेली आहे, उत्तर आलं की इथे सांगतो. तोवर दोन कामं तुमच्याकडे. कुणाच्या घरात एचएएलमध्ये किंवा हवाई दलात एचटी-२, पुष्पक यांवर काम केलेलं कुणी असेल, फोटो असतील, तर कॉमेंटमध्ये टाका. आणि बोटीवर मशीन बसवणाऱ्या जुन्या मेकॅनिक मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनी लिहावं, पाया सरळ आहे हे तुम्ही कसं तपासता? दोरी ताणून, की पट्टी लावून?